झऱ्यात घातलेलं विसण

धर्माधिकारी साहेबांनी कुंडातून थर्मामीटर काढलं, चष्मा वर करून वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पारा जेमतेम ताप आलेल्या माणसाइतका.

"ह्याच्यावर तुम्ही नागपूर उजळणार, देशकर?"

मी तेव्हा नागपुरात वीजखात्यात ओव्हरसियर होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. इटलीत जमिनीतल्या वाफेवर वीज काढतात हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. कोळसा जाळून आपण तरी काय करतो? वाफच. तिच्या जोरावर टर्बाईन, म्हणजे पात्यांचं चाक, फिरवतो. मग सातपुड्यात गरम झरा फुकट वाहतोय, तिथे खोल बोअर घेऊन वाफ लागते का बघायला काय जातं? ऑफिसात मला 'झरेवाले' म्हणायचे. दोन वर्षं मागे लागून साहेबांना इन्स्पेक्शनला आणलं. बोअरची मंजुरी त्यांच्याच हातात होती.

आणि पाणी कोमट! महिन्यापूर्वी ह्याच कुंडात फडक्यात बांधून मी भात शिजवला होता.

"आलोच आहोत तर," म्हणत साहेब आंघोळीला उतरले. मी गावच्या पाटलांना बाजूला ओढलं.

"पाटील, झरा थंड काहून झाला?"

"थंड कायचा गा! तुमचे साहेब येऊन राहिले म्हणून मागून नाल्याचा पाट सोडला ना त्यात. एवढा मोठा माणूस, त्याले काय बिनविसणाचं पाणी द्याचं? भाजलं नसतं का?"

अरे बापा! मी कपाळावर हात मारला. रागवू तरी कोणावर? पाहुण्याच्या बादलीत विसण घातल्याशिवाय माझ्याही घरी चालत नाही.

धावत साहेबांकडे गेलो. "साहेब, पाट बंद करतो. तासभर थांबा, पुन्हा मोजू."

साहेब गळ्यापर्यंत पाण्यात, डोळे मिटलेले. "पुन्हा कशाला? मी स्वतः आत बसलोय ना!"

आठवड्याने फाईल परत आली. बोअर नामंजूर. शेरा होता: 'पाणी विजेस अपुरे, स्नानास उत्तम. तेथे स्नानगृह बांधावे. देखरेख: देशकर.'

वाईट वाटलं, फार वाटलं. पण बांधलं, आणि चांगलं बांधलं. साहेब सहकुटुंब येऊन गेले.

पुढेमागे कोणी त्या झऱ्यावर वीज काढायला निघालंच, तर जरूर काढा. फक्त साहेब कधी येणार, हे गावाला सांगू नका.