एलिखियाचं ‘आभार’

एलिखियाने अकरा वर्षं पॅराग्वेच्या महिला फुटबॉल संघाचा गोल राखला होता. आता तिथे एकोणीस वर्षांची निमिया उभी राहायची आणि एलिखिया बाकावर बसून तिच्या चुका मोजायची. त्या फारच कमी भरत, हेच दुःख होतं.

सरावानंतर सगळ्यांत धाकटीने तेरेरे, म्हणजे पानांचा थंडगार चहा, पाजायचा, हा रिवाज. पेला एकच, नळी एकच, फेरीवर फेरी. पुरे झालं की ‘आभार’ म्हणायचं. मग पेला तुमच्याकडे परत येत नाही. निमियाने पहिलाच पेला पुढे केला, तेव्हा एलिखिया तो न घेताच म्हणाली, “आभार.”

“या असल्या उन्हात?” कप्तान हसली. “अगं, तिच्यावर जळतेस ते ठीक, पण तहानेनं मरू नकोस!”

पेला तीनदा तिला वगळून गेला. घसा कोरडा पडला, पण आता मागायचं कोणत्या तोंडाने? चौथ्या फेरीला निमिया तिच्यासमोर थांबली.

“ताई, मघाशी काही म्हणालात का? मला ऐकूच आलं नाही.”

एलिखियाने एका दमात पेला रिकामा केला. तेरेरे उत्तम जमला होता. कार्टीने तेवढंसुद्धा बिघडवलं नव्हतं.