येते म्हणजे गेले

सुभेदार घरातून निघताना कधी ‘येतो’ म्हणत नसत. चांगलं खणखणीत ‘जातो गं!’ म्हणून चपला घालत आणि आतून काकूंचा ठरलेला आवाज येई, “आवं, येतो म्हणा की!” तोवर स्वारी कोपऱ्यापलीकडे गेलेली असे.

सारी नोकरी सैन्यात, बिनतारी संदेश पाठवण्यात गेलेली. जाणाऱ्यानं जातो म्हणावं, येणाऱ्यानं येतो, हे हाडीमाशी खिळलेलं. मी इस्लामपूरहून साताऱ्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरच्या कामाला लागलो आणि त्यांच्याकडे भाड्यानं राहिलो, तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं.

काकूंना वाचनाचं भलतं वेड आणि डोळे अधू होत चाललेले. डॉक्टरांनी हात टेकले. पडद्यावर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, हे मी बोलून गेलो आणि सुभेदारांनी ते धरलं. जुना कॉम्प्युटर आणला, दोन बोटांनी मराठी टाईप करायला शिकले आणि काकूंची पुस्तकं एकेक करून आत घालू लागले. आज ज्याला ई-बुक म्हणतात ते त्या घरात असं घामानं तयार होत होतं.

सुभेदारांची बैठक वरच्या खोलीत. काकूंचे गुडघे जिना चढू देईनात, म्हणून खाली दुसरा कॉम्प्युटर आला आणि मी जिन्यातून वायर सोडून दोन्ही जोडले. पुस्तकं आणि त्यांची यादी वरच्या डिस्कवर. काकू खालून यादी उघडत, पुस्तक निवडत, कुठवर वाचलं त्याची खूण ठेवत. माझी एकच ताकीद होती. यादी एका वेळी एकानंच उघडायची, नाहीतर ती मोडेल.

सुभेदारांनी लगेच शिस्त लावली. उघडताना ‘आले’ आणि बंद करताना ‘गेले’, असं जिन्यातून ओरडून सांगायचं. काकू उखडल्या.

“सवाष्णीला गेले म्हणायला लावताय व्हय? मी न्हाई म्हणायची!”

शेवटी तह झाला. बंद करताना काकू ‘येते हं’ म्हणत आणि वरून उत्तर येई, ‘ठीक हाय!’ “हिचं येते म्हंजे गेले,” सुभेदार मला डोळा मारून म्हणाले. “ध्यानात ठेव गड्या.”

एका दुपारी शेजारणीनं दारातून हाक मारली. यादी तशीच उघडी टाकून काकू “येते हं!” म्हणत बाहेर गेल्या. वर सुभेदारांनी ते ऐकलं आणि बिनधास्त नवं पुस्तक यादीत घातलं. काकूंनी परत येऊन आपली खूण ठेवली आणि यादीनं मान टाकली. पुस्तकं शाबूत राहिली, पण साऱ्या खुणा गेल्या.

काकू रडायलाच लागल्या. त्या डोळ्यांनी पानन् पान चाळून जागा शोधायची कशी? सुभेदार खाली आले, खुर्ची ओढून शेजारी बसले.

“सांग, कुठपतूर आलीवतीस?”

“ती पोर घर सोडून निघती, तितपतूर.”

“कंची पोर?”

“आवं, तुमीच टाईप केलंय नव्हं?”

“केलंय. वाचलंय कुटं? आमी संदेश फकस्त पुढं धाडायचो.”

मग रोज संध्याकाळी काकू गोष्ट सांगत आणि सुभेदार जागा शोधत. पुढंपुढं जागा सापडली तरी ते “मग काय झालं?” विचारत बसून राहत. मला त्या दोघांचा फार हेवा वाटे.

त्या हिवाळ्यात सुभेदारांच्या छातीत दुखू लागलं. सांगलीच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. जीपमध्ये बसताना ते काकूंकडे वळले आणि हळूच म्हणाले, “येतो.” जन्मभर ज्या शब्दासाठी भांडल्या, तो ऐकून काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. सुभेदार परत आले नाहीत.

एक कादंबरी अर्धीच टाईप झाली होती. कारखान्यातून आलो की वर बसून मी ती पुरी करू लागलो. शेवटचं प्रकरण वाचून झालं त्या दिवशी काकूंनी यादी बंद केली आणि जिन्यातून आवाज आला, “येते हं.”

त्यावर वरून ‘ठीक हाय’ म्हणायची रीत होती. मला ते म्हणवेना.