चपलेपेक्षा उग्र

शिरूरच्या दवाखान्यातली ती सासू आठवली की अजून बरं वाटतं. सुनेचं फेफरं थांबेना, म्हणून तिनं टांग्यातून तिला आणलं, आणि वाटभर तिच्या नाकाशी चप्पल धरली. भोळ्या समजुतींविरुद्धची पत्रकं वाटत मी दारातच उभा होतो. माझं डोकंच फिरलं. "आजी, फेका ती चप्पल!"

"गप रं, शाण्या! सून माजी मरतीया हितं."

सिस्टरनं सुनेला कुशीवर वळवलं आणि काचेच्या सिरिंजनं मांडीत औषध टोचलं. त्याच्या उग्र दर्पानं खोली भरली. म्हातारी सुनेच्या कपाळावरचे केस पुन्हापुन्हा मागं सारत राहिली. हळूहळू झटके थांबले, सून शांत झोपली.

म्हातारीनं हवा हुंगली. "चपलेपरीस वंगाळ वास हाय औषिदाला. म्हणून तर गुण आला!"

मी तावातावानं समजवायला लागलो, पण सिस्टर हसून म्हणाली, "पुन्हा असं झालं तर थांबू नका आजी, तडक इकडं आणा."

"आणीन की! असला वास दुसरीकडं कुठं मिळायचा?"

कारण साफ चुकीचं होतं, पत्रकात छापता आलं नसतं. पण त्याच कारणापायी ती सून वेळेवर दवाखान्यात पोचणार होती.