मनगटावरचं प्लॅस्टर

भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, निम्म्यावर आली होती, तेव्हा मी तळेघरच्या आमच्या बांधावरून घसरून मनगट मोडून घेतलं. वडील, म्हणजे दादा, मला एसटीनं मंचरच्या एका दवाखान्यात घेऊन गेले. कपडे ओले, अंगात हुडहुडी. ते पाहून नर्सबाईंनी प्लॅस्टरच्या पट्ट्या भिजवायला मुद्दाम गरम पाणी आणलं.

दादांची नजर सारखी घड्याळाकडं. "डॉक्टर, लवकर उरकंल का? शेवटची गाडी गेली तर लई पंचाईत."

"गरम पाण्यानं लवकर घट्ट होतं," नर्सबाई म्हणाल्या.

खरंच, डॉक्टरांचा हात फिरायच्या आत पट्टी कडक व्हायला लागली. मग आतून ऊब आली. आधी बरी वाटली, पण ती वाढतच गेली.

"थोडं गरम लागतंच," डॉक्टर म्हणाले.

"थोडं नाही. भाजतंय."

त्यांनी वरून चाचपलं, मग बादलीत बोटं घातली. पाणी चांगलंच कढत होतं आणि तळाशी आधीच्या प्लॅस्टरचा पांढरा गाळ होता. त्यांनी लगेच सगळं कापून काढलं. कातडी लालबुंद झाली होती, फोड मात्र नव्हते.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे काय झालं ते कळलं. प्लॅस्टर पाण्याशी संयोग पावताना उष्णता सोडतं. गरम पाण्यानं ती क्रिया वेगानं होते, जुन्या गाळातले कण नव्या स्फटिकांना आयती सुरुवात करून देतात, आणि सगळी उष्णता एकदमच बाहेर पडते.

दुसऱ्यांदा स्वच्छ बादली, नळाचं गार पाणी. आता प्लॅस्टर आपल्या गतीनं घट्ट होत होतं. मला पाय हलवल्याशिवाय राहवेना, आणि हात तर हलवायचा नव्हता. दादा स्टँडकडं जाऊन परत येत होते.

"गाडी लागली. अजून न्हाई झालं?"

"अजून ओलं आहे," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या खेपेला दादा नुसतेच बाकावर बसले. गाडी गेली होती.

शेवटी एका दुधाच्या टेम्पोत जागा मिळाली. खड्डा आला की दादा माझा हात दोन्ही तळव्यांवर उचलून धरायचे.

"उद्या तुम्ही एकटे आवणी कशी करणार?" मी विचारलं.

"भावकीतली येत्याल. तू गप बस."

एवढं म्हणाले खरे, पण घाट लागल्यापासून त्यांचा उजवा पाय टेम्पोचा पत्रा दाबत होता, जणू गाडीचा वेग तेच वाढवत होते.