पाटीवरचे तात्या

त्याला लोक तात्या म्हणायला लागले तेव्हा त्याला धड मिशीही फुटली नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे तुमचा गोंधळ व्हायचा. झालं असं की चौकातलं सायकल दुरुस्तीचं दुकान त्यानं एका मध्यस्थाकरवी विकत घेतलं. पान्यांसकट, पंपासकट आणि दारावरच्या पाटीसकट. पाटीवर लिहिलेलं, ‘तात्या सायकल दुरुस्ती’. मूळचे तात्या कोण, कुठले, याची यानं कधी चौकशी केली नाही. नवी पाटी करायची म्हणजे रंगाऱ्याच्या मागे लागायचं, आणि असल्या उठाठेवींचा याला पहिल्यापासून कंटाळा. म्हणाला, राहू दे. राहिली.

पहिल्याच दिवशी एक आजोबा सायकल ढकलत आले, पाटी वाचली आणि म्हणाले, "तात्या, पंक्चर आहे बघा." सत्तरीचा माणूस कोवळ्या पोराला तात्या म्हणतोय! त्यानं तेव्हाच सांगायचं होतं की बाबांनो, मी तात्या नव्हे. पण ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधताना कोण कशाला बोलतंय? बस्स, तिथेच सगळं चुकलं.

मग मास्तरीणबाई म्हणायला लागल्या, पोस्टमन म्हणायला लागला, सासरेबुवांनीही जावईबापू सोडून तात्या धरलं. एकदा त्याचे वडील गावाहून आले. दुकानाच्या दारात उभं राहून त्यांनी पोराला नावानं हाक मारली. हा वाकडं चाक सरळ करण्यात, म्हणजे त्याची आउट काढण्यात गर्क. दुसऱ्यांदा मारली, तरी मान वर नाही. शेवटी ते म्हणाले, "अहो तात्या!" तेव्हा कुठे साहेबांनी वर पाहिलं. वडील हसले, पण त्या दिवशी जेवताना फारसं बोलले नाहीत.

वर्षं गेली. मिशी आली, पिकली, चष्मा आला. आता तो तात्या म्हणण्याजोगा झाला होता, आणि नेमकी तेव्हाच नोटीस आली. ज्या दुकानाच्या पाटीवरचं नाव सरकारी नोंदीत दुकानदाराच्या नावावर नसेल, त्याच्या मालकानं ते नोंदवून घ्यावं, नाहीतर पाटी उतरवण्यात येईल.

"मग नोंदवून या की," बायको म्हणाली. "तुमचंच तर नाव आहे."

नोंदणी कचेरीत खिडकीपलीकडे एक बाई बसल्या होत्या. बोलायला खणखणीत, पण माणूस म्हणून चांगल्या.

"नाव?"

"तात्या."

"ते दुकानाचं झालं. तुमचं सांगा."

आता हसू नका, पण त्याला स्वतःचं नाव सांगायला क्षणभर वेळ लागला.

बाईंनी दुकानाचं नाव संगणकात घातलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. "हे नाव नोंदलेलं आहे. दुसऱ्याच्या नावावर. आणि बंद पडलेलंही नाही हं, दरवर्षी नूतनीकरण होतंय. यंदाचंसुद्धा झालंय."

"अहो, पण मूळचे तात्या तर कधीच वारले म्हणतात!"

"वारलेला माणूस नूतनीकरणाला येत नाही," बाई म्हणाल्या. "एक तर दुसरं नाव घ्या, नाहीतर या मालकांची संमती आणा. हा कागद. इथे त्यांची सही. पत्ता पडद्यावर आहे, उतरवून घ्या."

उभा जन्म ज्या नावावर काढला, ते दुसऱ्याच्या खिशात निघालं. परतताना त्याला राग येत होता. दुकान विकलं, पैसे घेतले, आणि नाव मागच्या दारानं ठेवून घेतलं? ही कुठली रीत? चांगलं फैलावर घ्यायचं म्हाताऱ्याला, असं ठरवून तो दुसऱ्या दिवशी कालव्यापलीकडच्या गल्लीत गेला.

सुनेनं दार उघडलं. आत खिडकीपाशी एक हाडकुळे गृहस्थ बसले होते. तात्यानं कोण, कुठला ते सांगितलं, तसे त्यांनी कान टवकारले.

"त्या दुकानाचा तू? कोपऱ्यातला मोठा पंप चालतो का रे अजून?"

"वॉशर बदलत राहावं लागतं. पण चालतो."

"तो पहिल्यापासूनच हट्टी."

तात्यानं नोटिशीचं सांगितलं, कचेरीतल्या बाईंचं सांगितलं. "तर तुमची सही हवी होती. नावापुरती."

म्हातारबुवा म्हणाले, "गुडघे गेले, म्हणून दुकान विकलं. नाव विकल्याचं कुणी सांगितलं तुला? या घरात सुनेला मी बाबा, नातवंडांना आजोबा, डॉक्टरला पेशंट. तात्या म्हणणारे होते ते एकेक करून गेले, उरलेल्यांना वाटतं मी गेलो. ती कचेरीच तेवढी दरवर्षी विचारते, तात्या आहेत का? मी जाऊन सांगतो, आहेत. सही नाही द्यायचो मी. राग मानू नकोस."

फैलावर घ्यायला आलेला माणूस "बरं" म्हणाला आणि चपला घालून निघाला. कागद खिशातच राहिला.

घरी बायकोनं कपाळावर हात मारला. "नुसतं बरं म्हणून आलात? धन्य आहे तुमची! दोन शब्द सुनावायचे तरी!"

"त्यांच्यापाशी तेवढंच उरलंय गं."

"आणि तुमच्यापाशी? उद्यापासून लोकांनी तुम्हाला काय म्हणायचं? शुक शुक?"

त्याला फार वाईट वाटत होतं, आणि ते बायकोला दिसत होतं, म्हणून तिनं ताट वाढायला घेतलं.

सरकारी माणसं येण्याआधी त्यानं स्वतःच स्टुलावर चढून पाटी उतरवली. मग कचेरीत खेटे सुरू झाले. हा एक नाव सुचवायचा, बाई संगणकात घालायच्या आणि मान हलवायच्या. चौक सायकल? आहे. नवी सायकल? आहे. वेगवान? "तीन आहेत," बाई म्हणाल्या, "आणि तिघांची भांडणं चालू आहेत." याला एकही नाव मनापासून नको होतं, मग सुचणार तरी काय?

इकडे दुकानावर जो येई तो विचारी, "तात्या, पाटी कुठे गेली?" आणि हा प्रत्येकाला प्रामाणिकपणे सांगे, "मी तात्या नव्हे हो. खरे तात्या आहेत. कालव्यापलीकडे राहतात, डोकं अगदी शाबूत आहे. जाऊन भेटा." जुन्या शिंपीदादांनी तर तोंडाचा आ केला. "तात्या आहेत? अहो, मी त्यांच्या मयताला न गेल्याची चुटपुट लावून घेतली होती!" ते तडक तिकडे गेले. मग निवृत्त पोस्टमन गेला, मग मास्तरीणबाई. आता यात त्याचा काही डाव होता का? मुळीच नाही. डाव टाकण्याइतकं डोकं असतं तर पहिल्याच दिवशी पाटी नसती का बदलली?

एका सकाळी दुकानासमोर रिक्षा थांबली. सुनेच्या हाताला धरून म्हातारबुवा उतरले. दाढी केलेली, सदऱ्याला कडक इस्त्री.

"सांभाळा आता यांना थोडा वेळ," सून म्हणाली, पण हसत होती. "रोज दारात कुणीतरी उभं, तात्या आहेत का, तात्या आहेत का. चहा करून करून माझा पिट्टा पडलाय. आणि हे बसतात गप्पा हाणत. इतके कधी बोलत नव्हते हो."

तात्यानं स्टूल पुसून दिलं. म्हातारबुवा बसले. त्यांनी पंपाकडे पाहिलं, टांगलेल्या रिमांकडे पाहिलं, पाटीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

तेवढ्यात रस्त्यावरून एक बाई सायकल हातात धरून धावतच आल्या. ऑफिसला उशीर झालेला दिसत होता. "तात्या! चेन उतरली हो!"

"ओ!" दोघंही एकदमच म्हणाले.

तात्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मान खाली घालून तिथेच थबकला. पुढे व्हावं की नाही, त्याला कळेना. म्हातारबुवांनी एकदा त्या सायकलीकडे पाहिलं, एकदा याच्या काळ्या झालेल्या बोटांकडे.

"जा, बघ," ते म्हणाले. "माझ्याच्यानं आता वाकवत नाही. आणि हात धुऊन तो सहीचा कागद आण."