परत एकदा अंगात आणा

"बाबा, परत एकदा करा. पहिल्या वेळी नीट आलं नाही."

बा तेव्हा जमिनीवर पडला होता. दात आवळलेले. डोळे पांढरे. शेकोटीच्या उजेडात त्याची छाती वरखाली होत होती. खुर्चीतला पाहुणा मोबाईलची काच शर्टाला पुसत होता. गाणं मागे नेऊन पुन्हा लावतात, तसं त्याला माझ्या बापाला पुन्हा लावायचं होतं.

मॅनेजर साहेब हसत पुढे आले. "उठा बाबा. साहेबांचा व्हिडिओ राहिला. तुमच्या देवाला म्हणावं, जरा उजेडात ये."

सगळे हसले. बायकासुद्धा. एका बाईनं पोटाशी धरलेल्या कुत्र्याच्या पिल्लालाही दाखवायला पुढे केलं, "बघ, बघ, भूत बघ."

मी तिथेच उभी होते. हातात भज्यांचं ताट. अंगावर रिसॉर्टनं दिलेलं हिरवं लुगडं, गळ्यात बाजारातून आणलेल्या मण्यांच्या माळा. आमच्या घरात अशा माळा कुणी घालत नाही. पण पाहुण्यांना आदिवासी दिसली पाहिजे, म्हणून ड्युटीवर त्या घालाव्या लागत.

बानं सोबत मोहाची दारू आणली होती. पानाच्या दोन्यात. ती पिण्यासाठी नसते. पहिली धार जमिनीवर सोडायची, ती देवाची. एका पाहुण्यानं तो दोना उचलला, वास घेतला, तोंडाला लावला अन् थुंकला. थुंकी बाच्या पायाजवळ पडली.

"हे पितो का यांचा देव? म्हणूनच असा लोळतो."

बानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नको, बा. करू नको.

बा उठला. धोतर झटकलं. अन् त्यानं परत केलं.

माझा बा आमच्या गावाचा भुमक. म्हणजे गोंडांच्या देवाचा पुजारी. मोहर्लीच्या सफारी गेटापासून आत वळलं की आमचं गाव लागतं. आमच्या देवाला देऊळ नाही. तोंड नाही, डोळे नाहीत, मूर्ती नाही. येनाचं, म्हणजे ऐनाचं झाड, झाडाखाली दगड, वर पांढरं निशाण. त्याला आम्ही पेन म्हणतो. पेनाच्या वस्तूंचं एक गाठोडं झाडावर बांधलेलं असतं. मी भुमकाची पोरगी, पण ते उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. मागायचंही नसतं. बा पेनाचं नाव मोठ्यानं घेत नसे. लहानपणी मी विचारलं, तर म्हणाला, "रोज रोज कोनी बापाले नावानं हाका मारते का?"

नवं धान आलं की आधी पेनाला द्यायचं, मग माणसांनी खायचं. तोवर लेकरू रडलं तरी त्याच्या तोंडात नवा दाणा जात नसे. बा दिवसभर उपाशी राहायचा. संध्याकाळी कधी पेन त्याच्या अंगात यायचा, कधी नाही. नाही आला तर बा सरळ सांगायचा, "आज नाई आला." गावातलं कुणी चिडत नसे. बाच्या शब्दावर सगळं गाव उभं होतं, कारण तो शब्द कधी खोटा निघाला नव्हता.

रिसॉर्टात मी खोल्या आवरायचे. चादरी, टॉयलेट, टॉवेलांचे हत्ती करून पलंगावर ठेवणं. रिसॉर्टच्या आवारात एक जुनं येनाचं झाड होतं. त्याला त्यांनी दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या, खालच्या फांदीला झोका बांधला होता. मी सकाळी आत शिरताना त्या झाडाला हात लावायचे अन् तो हात कपाळाला. इतकंच. एखाद्या दिवशी मोहाचं फूल सापडलं तर बुंध्याशी ठेवायचे.

एकदा मॅनेजर साहेबांनी पाहिलं. सगळ्यांसमोर बोलावलं.

"हे काय चालवलंयस? पाहुणे घाबरतात. करणी वगैरे वाटते त्यांना. धर्म ही खासगी गोष्ट असते. आपापल्या घरी ठेवायची. इथं प्रोफेशनल राहायचं. कळलं?"

मी हो म्हटलं. रिसेप्शनवर तेव्हा गणपतीसमोर उदबत्तीचा धूर होता. रोज सकाळी तिथं आरती व्हायची अन् आम्ही सगळ्या नोकरांनी रांगेत उभं राहून टाळ्या वाजवायच्या. स्वयंपाकी सलीमभाईही उभे राहायचे. ते चंद्रपूरचे. पंधरवड्यानं घरी जायचे. त्यांना कुणी विचारलं नव्हतं की तुम्हाला चालेल का. तो धर्म खासगी नव्हता. त्याला स्पीकर होता.

दुपारी सलीमभाई मला म्हणाले, "मी गोदामात नमाज पढतो. कांद्याच्या पोत्यामागं. कोनाले दिसत नाई, कोनाले त्रास नाई. तूही तसंच करत जाय. मनातल्या मनात."

"तुमाले बरं वाटते का तसं?"

ते भाजी चिरत राहिले.

त्यानंतर मी झाडाला हात लावणं सोडलं. नुसतं पाहायचे अन् पुढे जायचे. वाटलं, देव मनात असला म्हणजे झालं.

मग शहरातली एक मोठी मंडळी उतरणार असं ठरलं. मॅनेजर साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. पहिल्यांदाच खुर्ची दिली.

"तुझे वडील पुजारी आहेत म्हणे. अंगात येतं त्यांच्या. पाहुण्यांना ओरिजिनल काहीतरी हवंय. शेकोटीपाशी अर्धा तास करू दे. ते गाठोडं असतं ना झाडावरचं, तेही घेऊन यायला सांग. उघडून दाखवायचं."

मी म्हटलं, "साहेब, ते तसं नसते. ते गावाचं आहे."

"गावाचं म्हणजे लपवण्यासारखं आहे का काही? चांगली संस्कृती असेल तर जगाला दाखवायला काय हरकत? देव सगळ्यांचा असतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या जागेवर यायला बायका रांगेत आहेत. तुला माहीतच आहे."

तेच साहेब. तेच तोंड. झाडाला हात लावला तर देव खासगी. पाहुण्यांना करमत नसेल तर देव सगळ्यांचा.

मी घरी काही सांगितलं नाही. पण साहेबांनी सफारीच्या जिप्सीचा ड्रायव्हर थेट बाकडे पाठवला. पोरीची नोकरी जाईल, एवढंच त्यानं बाला सांगितलं असणार. आई अंथरुणाला खिळलेली होती अन् घरात माझ्याशिवाय कमावणारं कुणी नव्हतं. पाहुणे उतरले त्या संध्याकाळी बा रिसॉर्टच्या फाटकातून आत आला, डोक्याला पांढरं पागोटं बांधून, हातात मोहाचा दोना. गाठोडं त्यानं आणलं नव्हतं. साहेबांनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "ते येत नाई."

पुढचं तुम्हाला सांगितलं. पाहुण्यांनी त्याला परत एकदा करायला लावलं. दुसऱ्यांदा तो पडला तेव्हा कोणीतरी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी चिकनचा तुकडा त्याच्या तोंडाशी धरला, देव खातो का ते पाहायला. बानं तोंड उघडलं नाही. तुकडा ओठांवर दाबला गेला अन् हनुवटीवरून तेल ओघळलं. त्याचाही व्हिडिओ निघाला.

मी ताट खाली टाकलं. भजी मातीत गेली. साहेबांनी पाहिलं, पण पाहुण्यांसमोर बोलले नाहीत. मी बाचा दंड धरला अन् त्याला उठवलं. आम्हाला सोडायला गाडी देतो म्हणाले होते. गाडी पाहुण्यांसाठी थांबवून ठेवली होती. आम्ही पायी निघालो. अंधार पडला होता, अन् त्या आठवड्यात त्याच रस्त्यावर वाघीण दिसली होती. बाला त्याचं भान नव्हतं.

गावाच्या अलीकडे तो थांबला.

"बाई," तो मला बाईच म्हणायचा, "पेन नाई आला."

"काय?"

"पहिल्यानं बी नाई आला, दुसऱ्यानं बी नाई. तो कायले येईन तिथी? मीच पडलो. मी खोटा पडलो."

मी म्हटलं, "बा, माह्यासाठी केलं तू. पेनाले समजते."

"त्याले समजते. मले नाई समजत." मग चार पावलं चालून, "आता मी कोनत्या तोंडानं सांगू, आला का नाई आला?"

त्या रात्री तो जेवला नाही. आईनं खाटेवरून विचारलं, काऊन नाई जेवत, तर तिच्याकडे पाठ करून निजला.

व्हिडिओ गावात आला. कुणाच्या तरी मोबाईलवरून कुणाच्या तरी मोबाईलवर. वर हिंदीत लिहिलेलं, जंगली बाबा का नागिन डान्स. गावातली तरुण पोरं आधी हसली, मग चूप झाली. म्हातारी माणसं येनाखाली बसली. बाला बोलावलं. भांडण झालं नाही. एक जण फक्त म्हणाला, "भाऊ, तू देव बाजारात नेला."

बानं मान हलवली. हो म्हणाला. सफाई दिली नाही. माझं नाव घेतलं नाही. त्या दिवसापासून तो भुमक नाही. कुणी काढलं नाही, तोच झाडाखाली गेला नाही.

मी शेकोटीच्या दुसऱ्या दिवशीही कामावर गेले होते. त्यानंतरही. घर चालवायचं होतं. साहेबांनी ताट टाकल्याबद्दल सुनावलं, एवढंच. मग महिनाभरात पुन्हा पाहुणे ठरले. यावेळी साहेबांनी ऑफिसात बोलावलं नाही. सकाळच्या आरतीच्या रांगेतच म्हणाले, "तुझा म्हातारा येत नाही म्हणे. मग तू कर. गाणं येतच असेल तुला. केस मोकळे सोडायचे अन् घुमायचं. कोणाला काय कळतंय."

बाजूच्या पोरी खाली पाहत होत्या. सलीमभाई शेवटी उभे होते. आरती सुरू झाली. साहेबांनी ताम्हन हातात घेतलं, डोळे मिटले. ते मन लावून आरती करत. त्यांचा आवाज चांगला होता.

आरती संपली. मी कमरेला खोचलेला मोबाईल काढला. त्यांच्या तोंडासमोर धरला.

"साहेब, परत एकदा करा. नीट नाई आलं."

कुणालाच आधी कळलं नाही. साहेबही म्हणाले, "काय?"

"आरती परत करा. डोळे मिटले तेव्हा उजेड कमी होता. अन् जरा रडून दाखवा देवापुढं. मले व्हिडिओ पाह्यजे."

मी गणपतीला हसले नाही. तो त्यांचा देव आहे, मी त्याला आधी हात जोडले होते. मी साहेबांकडे पाहत होते. त्यांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा.

"दगडाची अन् बाप्पाची बरोबरी करतेस?"

आलं. इतके महिने जे संस्कृती, ओरिजिनल, प्रोफेशनल अशा शब्दांखाली झाकलेलं होतं, ते बाहेर आलं. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

"हो साहेब. बरोबरी करून राह्यली."

त्यांनी माझ्या हातातून मोबाईल हिसकावून फरशीवर आपटला. वॉचमनला हाक मारली. वॉचमन आमच्याच गावचा. त्यानं माझा दंड धरला, पण हलकाच धरला. मी गळ्यातल्या माळा काढून रिसेप्शनच्या टेबलावर ठेवल्या. जाताना येनाच्या झाडाला हात लावला, सगळ्यांच्या देखत, अन् तो हात कपाळाला. सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. नंतर शेजारणीच्या फोनवर त्यांचा फोन आला. "चूक नाई केली तू. पन मले लेकरं हायेत." मी म्हटलं, जी. त्यांचं खरं होतं. ते अजून कांद्याच्या पोत्यामागं पढतात.

आता मी सरपणाच्या मोळ्या विकते, मोह वेचते, धानाच्या बांधीत रोजानं जाते. आई गेली. नोकरी असती तर औषध मिळालं असतं, असं कुणी तोंडावर बोलत नाही. मी स्वतःशी बोलते.

यंदा नवं धान आलं. गावानं बाच्या चुलत भावाला भुमक केलं. आम्ही सगळे येनाखाली जमलो. देवस्थान रस्त्याला लागून आहे. सफारीहून परतणारी एक जिप्सी थांबली. पाहुणे सीटवर उभे राहिले, मोबाईल वर केले. नवा भुमक घाबरून थांबला. म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. कुणीतरी म्हणालं, आतल्या अंगाला चला, झुडपात करू. कोनाले दिसणार नाई.

मी म्हटलं, "नाई. इथीच होईल."

मी रस्त्यावर जाऊन जिप्सीच्या पुढे उभी राहिले. "पाहायचं हाये तं खाली उतरा. चपला काढा, मोबाईल गाडीत ठेवा, मातीत बसा. विचाराल ते सांगू. नाई तं गाडी काढा."

ड्रायव्हरनं ओळखलं मला. हॉर्न वाजवला. मी हलले नाही. बंपर माझ्या गुडघ्याला टेकला. मागून आमच्या बायका आल्या, एकेक करून शेजारी उभ्या राहिल्या. पाहुण्यांतला एक ओरडला, "सार्वजनिक रस्ता आहे!" पण मोबाईल खाली गेले. कुणी उतरलं नाही. गाडी मागे घेऊन निघून गेली.

पूजा उघड्यावर झाली. मोठ्यानं झाली.

बा आला नव्हता. घराच्या ओट्यावर बसून दोर वळत होता. मी नव्या धानाचा भात त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, "बा, पेनाले दिलं. खा." त्यानं ताट बाजूला सरकवलं. "तुमी खा. मले त्याचा हक नाई."

मी त्याला समजावत नाही आता. त्याचा देव त्या शेकोटीपाशी मारला गेला, अन् मारणाऱ्यांना ते कळलंही नाही. माझा जिवंत आहे. तो मी पोत्यामागं लपवणार नाही अन् कुणाच्या जेवणानंतर करमणुकीला काढणार नाही. पुन्हा कुणी माझ्या माणसाला देव अंगात आणायला लावलं, तर मी नुसतं ताट मातीत टाकून थांबणार नाही.

त्या साहेबांना मी माफ केलेलं नाही. करणार नाही.