शकीलाभाभींच्या ट्रेमधली वांगी

हयातभर वार्ताहर म्हणून पुढाऱ्यांचे किस्से जमवले. आज विचाराल तर एकही धड आठवत नाही. पण आमच्या नगरच्या सोसायटीच्या गच्चीवरचे, रोपांच्या ट्रेचे किस्से मात्र कुठेही हात घातला की निघतात.

गच्चीवर आम्ही चौघं. मी, माझी बायको सुनंदा, नागापूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले भोसले आणि खालच्या मजल्यावरच्या शकीलाभाभी. खणाखणांचे जाड काळे ट्रे, नारळाचा भुसा भरायचा, बी टाकायचं. रोपं कुंडीत गेली की ट्रे धुऊन पुन्हा वापरायचे.

धुतलेला ट्रे भोसले उन्हात धरून तपासतात, कारखान्यातला माल असल्यासारखा. माझा ट्रे कायम रिजेक्ट.

एकदा मी भडकलो. "भोसले, मी मंत्र्यांना जाब विचारलेत!"

"मग त्यास्नीच द्या की धुवाया."

* * *

शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा नियम सुनंदाने उसन्या ट्रेलाही लावला आणि परत करताना त्यात मिरचीची रोपं घालू लागली. त्यामुळे ज्याच्या त्याच्या घरी मिरचीचीच रोपं झाली.

संक्रांतीला भोसल्यांचा ट्रे परत द्यायचा होता आणि आमच्याकडे रोप एकही नव्हतं. सुनंदाने खणाखणात कागद घातला आणि प्रत्येकात एकेक तिळाचा लाडू बसवला.

भोसल्यांनी ट्रे उन्हात धरला. "वहिनी, उगवण लई झ्याक हाय. एक खण वाया न्हाई."

* * *

माझे टोमॅटो उगवले नाहीत. मी बियाण्याच्या दुकानात जाऊन टेबलावर पुडी आपटली. म्हणालो, बोगस बियाणं विकता, छापून आणीन.

दुकानदाराने शांतपणे विचारलं, "किती खोल टाकलं?"

मी बोट दाखवलं. अख्खं.

"साहेब, ह्याला पेरणी नाही म्हणत. तुम्ही दफनविधी केलाय."

* * *

भाभींचं माहेर कोपरगावकडचं, गोदावरीकाठचं. तिथे आता सगळा ऊस. त्यांच्या अम्मी परसात एक वांगं लावायच्या, अंड्याएवढं, पांढरं, वर जांभळ्या रेघा. अम्मी गेल्या. त्यांनी राखेत घालून ठेवलेलं चिमूटभर बी एका डबीत उरलं होतं. ते वांगं दुसऱ्या कुणाकडेच नाही.

भाभींनी सगळं बी एकाच ट्रेमध्ये टाकलं. रोज सकाळी येऊन वरचं गोणपाट उचलायच्या, बघायच्या आणि हळूच पुन्हा घालायच्या. "बी जुनं झालं असेल," म्हणायच्या. कुणी काही विचारलेलं नसायचं.

* * *

एका दुपारी गच्चीवर गेलो, तर भोसले त्या गोणपाटाखाली हात घालून बसलेले. शेजारी बाजारातल्या जांभळ्या वांग्याच्या बियाण्याचं पाकीट.

"भोसले, ही सरळसरळ भेसळ आहे!"

"व्हय, हाय. पर त्या बाईचं तोंड बघवंना. तुमाला बघवतंय?"

मला जास्तच राग आला. तणतणत खाली उतरलो आणि सुनंदाला सगळं सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती.

"भोसलेभाऊंनी जांभळी टाकली का? बरं झालं," ती म्हणाली. "मी हिरवी टाकलीय."

मी म्हटलं, एका बाईला तिच्या आईच्या नावाने फसवताय, लाज वाटत नाही? ती म्हणाली, "तुम्ही फक्त बातमी फोडू नका."

आयुष्यात पहिल्यांदा बातमी दाबली.

* * *

ट्रे उगवला, आणि असा उगवला की काही खणांत दोनदोन रोपं. भाभींनी अख्ख्या सोसायटीत शिरखुर्मा वाटला. मी मान खाली घालून खाल्ला.

रोपं कुंड्यांत गेली, फुलली, वांगी धरली. मग एक दिवस भाभींनी आम्हाला वर बोलावलं. आता बिंग फुटणार, म्हणून मी सर्वांत मागे उभा राहिलो.

परातीत दोन ढीग होते.

"भोसलेभाऊ, ही जांभळी तुमची. ताई, ही हिरवी तुमची."

भोसले आपल्या चपलांकडे बघू लागले. सुनंदाने पदर सारखा केला. भाभी कोपऱ्यातल्या एका कुंडीपाशी गेल्या. त्या झाडाला चिंधी बांधली होती. त्यांनी पान बाजूला केलं. खाली एकच वांगं लटकत होतं. अंड्याएवढं, पांढरं, वर जांभळ्या रेघा.

"हे तोडायचं नाही. बियाला ठेवलंय."

 मग भाभी माझ्याकडे वळल्या.

"आणि साहेब, तुम्ही काहीच नाही टाकलं?"